ब्रिक्स तीनवर अडकलंय. आंबणं थांबलं की संपलं?

संत्राबाग
मंडळी, मोर्शी-वरूड पट्ट्यातला बागायतदार आहे. मृग बहाराचा मोठा माल व्यापाऱ्यानं उचलला, चुरी, म्हणजे बारीक फळं, बागेतच राहिली. बाजारात नेली तर गाडीभाडंही निघत नाही, म्हणून यंदा व्हिनेगर करायला घेतलंय. रस काढून गाळला, वीस लिटरच्या फूडग्रेड कॅनमध्ये पंधरा लिटर भरला, बेकरीचं कोरडं यीस्ट कोमट पाण्यात फुलवून टाकलं. झाकणाला भोक पाडून नळी लावलीय, नळीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत.

सुरुवातीला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचा टक्का, १०.५ होता. (व्यापारी फळ तपासायला वापरतात तोच हातातला रिफ्रॅक्टोमीटर.) आधी भरभर उतरला. आता ३.२ वर आलाय आणि हलत नाही. बुडबुडे जवळजवळ बंद, पण दुपारी ऊन तापलं की पुन्हा चार-दोन येतात. माझ्या हिशेबानं अजून तीन टक्के साखर शिल्लक आहे. यीस्ट मेलं का? पुन्हा टाकू? की व्हिनेगरचं विरजण आता सोडलं तरी चालेल? साखर शिल्लक असताना पुढं जाऊ नका, असं सगळीकडे सांगतात.

कपाशी_ते_कपाशी
भाऊ, सरळ सांगा ना वाईन करून रायले म्हणून :)

संत्राबाग
वाईन प्यायला तिचा स्वाद बरा लागतो हो. हे प्यायचं काम नाही, चाखून पाह्यलंय.

पेंचकाठी
आमच्याइकडं मोहाचा सडवा टाकणारे बुढे काही यंत्र नाही पाहत. माठाले कान लावते. आतून चुरचुर आवाज येते तोवर हात नाही लावायचा. फुलं पहिले वर तरंगते, मंग खाली बसाले लागते. आवाज बंद, फुलं खाली, अन् जिभीवर गोडपणा नाही, हे तीन जमलं की झालं म्हणते. लहानपणी पाह्यलेलं सांगून रायलो, मले कोणी पोलिसात देऊ नका.

पण भाऊ, त्यातली जिभीची गोष्ट खरी हाय. तुमच्या रसाले गोड लागते का सांगा.

संत्राबाग
काका, गोड अजिबात नाही. आंबट, थोडं कडू आणि घशाला चरचरीत. म्हणूनच घोळ होतोय, जीभ म्हणते संपलं आणि यंत्र म्हणतं तीन टक्के बाकी.

आर्वीकर
जीभ खरं सांगतेय. यंत्रही बिघडलेलं नाही, त्याला चुकीचा प्रश्न विचारला जातोय एवढंच.

मी मूळचा आर्वीचा, आता जर्मनीत असतो आणि घरी बीअर करतो. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून हा उद्योग शिकायला इतक्या लांब यावं लागलं असं आमच्याकडे चेष्टेनं म्हणतात. इथं २०२४ पासून वर्षाला ५०० लिटरपर्यंत घरगुती बीअरवर कर नाही. असो. बीअर असो की व्हिनेगरचा पहिला टप्पा, यीस्टचं काम एकच, साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडायचा. त्यामुळे कुठवर आलंय हे मोजायची रीतही तीच.

रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वाकतो ते पाहतो. पाण्यात साखर असली की प्रकाश जास्त वाकतो. त्यावरच्या खुणा फक्त साखर आणि पाणी धरून मारलेल्या आहेत. पण अल्कोहोलसुद्धा पाण्यापेक्षा प्रकाश जास्त वाकवतो. साखर कमी होते तसं अल्कोहोल वाढतं, आणि यंत्र त्या अल्कोहोललाही साखर समजून आकडा वर धरून ठेवतं. बीअरमध्ये हे रोजचं आहे. १२.४ ब्रिक्सवर सुरू झालेली बीअर संपते तेव्हा रिफ्रॅक्टोमीटर ६ च्या आसपास दाखवतो. नवशिक्याला वाटतं निम्मी साखर तशीच पडलीय. हायड्रोमीटर टाकला तर १.०११ निघतो, म्हणजे काम झालेलं असतं.

हायड्रोमीटर द्रवात तरंगतो आणि घनता सांगतो. पाणी १.०००. साखरेनं घनता वाढते, अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं म्हणून घटते. तुमचा १०.५ ब्रिक्स म्हणजे साधारण १.०४२. तिथून सुरू करून ३.२ दिसत असेल, तर दुरुस्तीच्या सूत्रात घातल्यावर १.००१ ते १.००२ येतं. म्हणजे तुमचं आंबणं जवळपास संपलेलं आहे. यीस्ट मेलेलं नाही, त्याच्यासमोरचं ताट रिकामं झालंय.

बीअर मात्र १.००० पर्यंत सहसा उतरत नाही. माल्टमध्ये डेक्स्ट्रिन नावाच्या लांब साखळीच्या शर्करा असतात, साध्या यीस्टला त्या पचत नाहीत, त्या बीअरला अंग देतात. फळाच्या रसात तसलं काही नसतं. म्हणून तुम्ही १.००० च्या खालीही जाऊ शकता, ०.९९८ दिसलं तर दचकू नका.

संत्राबाग
दादा, जिवात जीव आला. पण सूत्रावर कसं विसंबू? हायड्रोमीटर तालुक्यात मिळत नाही, मागवला तर आठवडा जाईल.

दूधसंकलन
मिळत कसा नाही? गावातल्या डेअरीवर जा. आम्ही दुधात पाणी आहे का पाहायला लॅक्टोमीटर टाकतो, तो हायड्रोमीटरच आहे. त्यावर ३० दिसलं म्हणजे १.०३०. फक्त घेताना पट्टी पाहून घ्या. काहींवर १५ ते ४० एवढंच असतं, त्याचा तुम्हाला शेवटी उपयोग नाही, रस पाण्याइतका हलका झाला की तो तळाला जाऊन बसेल. ० पासून ४० ची पट्टी असलेला घ्या, त्यात शून्य म्हणजे पाणी. सुरुवातीचं ४२ त्याच्या पट्टीबाहेर जाईल, पण तुम्हाला आता खालचंच टोक पाहायचंय ना.

आणि वापरल्यावर धुऊन परत द्या. संत्र्याच्या वासाचा लॅक्टोमीटर दुधात गेला तर सकाळी माझ्याशीच भांडतील लोक.

आर्वीकर
हे मला सुचलंच नसतं. झकास!

तीन गोष्टी सांभाळा, नाहीतर तोही फसवेल.

पहिली, वायू. नमुन्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, त्याचे बुडबुडे काचेला चिकटून तिला वर उचलतात. नमुना दोन भांड्यांत वरून खाली पाच-दहा वेळा ओता, फेस बसू द्या, मग लॅक्टोमीटर सोडा आणि बोटानं गर्रकन फिरवा. स्थिर झाल्यावर डोळा पाण्याच्या पातळीला आणून वाचा. काचेला लागून पाणी थोडं चढलेलं दिसतं, ते धरू नका, मधली सपाट पातळी धरा.

दुसरी, आणि विदर्भात सर्वात महत्त्वाची, तापमान. प्रत्येक यंत्र एका ठरावीक तापमानाला बसवलेलं असतं, ते दांडीवर छापलेलं असतं. २० अंशांचा हायड्रोमीटर ३५ अंशांच्या रसात सोडला तर साधारण ०.००४ नं कमी दाखवतो. इकडे आम्ही याकडे दुर्लक्ष करू शकतो. मार्चमध्ये मोर्शीला दुपारी मोजलं तर अर्धवट राहिलेलं आंबणंही संपलेलं दिसेल. साधा उपाय: जवळच एका भांड्यात पिण्याचं पाणी ठेवा, रसाइतकंच गरम होऊ द्या, त्यात आधी लॅक्टोमीटर टाका. पाण्यात शून्याच्या खाली जितका बुडेल तितका फरक रसाच्या आकड्यात मिळवा. कोष्टक लागत नाही.

तिसरी, मोजलेला नमुना परत कॅनमध्ये ओतू नका. चाखा आणि फेका.

परीक्षानळी
मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. आर्वीकरांच्या लिहिण्यात एक भर घालते. बुडबुडे पाहून निर्णय घेऊ नका. दुपारी येणारे ते चार-दोन बुडबुडे बहुधा यीस्टचे नाहीतच. थंड द्रवात वायू जास्त विरघळतो, गरम झाला की तो बाहेर पडतो. शिवाय कॅनमधली रिकामी हवाही तापून फुगते. आणि उलटही होतं, झाकण थोडं सैल असेल तर आंबणं जोरात चालू असूनही नळीतून एक बुडबुडा येणार नाही, वायू झाकणातूनच निघून जातो.

काटापट्टी
तुमचं चाललंय ते सगळं ठीक, पण माझा किराणा आहे आणि मला एकच यंत्र कळतं, वजनकाटा. कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो म्हणता ना? मग कॅनचं वजन कमी व्हायला पाहिजे. रोज काट्यावर ठेवा, उतरायचं थांबलं की झालं. की माझं काही चुकतंय?

परीक्षानळी
काही चुकत नाही, उलट सगळ्यात सरळ पद्धत हीच आहे. समीकरण शाळेतलंच: १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. म्हणजे साखरेच्या वजनाच्या जवळपास निम्मं वजन हवेत जातं.

संत्राबाग यांचा हिशेब मांडू. पंधरा लिटर रस, घनता १.०४२, वजन सुमारे १५.६ किलो. १०.५ ब्रिक्स म्हणजे विरघळलेला ऐवज १.६ किलोच्या थोडा वर. पण तो सगळा साखर नसतो, त्यात सायट्रिक आम्ल असतं, क्षार असतात. साखर दीड किलो धरा. त्यातून सातशे ग्रॅमच्या आसपास वजन घटलं की साखर संपली. थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीला वापरतं आणि वायूबरोबर थोडी वाफही जाते, म्हणून ग्रॅमच्या नेमकेपणाचा आग्रह धरू नका.

याचे दोन फायदे. झाकण उघडावं लागत नाही, आणि नमुना वाया जात नाही. मात्र काटा किराण्याचा हवा, पाच-दहा ग्रॅम दाखवणारा. कापसाच्या गाठोड्यांचा काटा इथं कामाचा नाही.

आर्वीकर
ताई, मान गये. आमच्याकडे लोक यासाठी तरंगती इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेतात. आतला सेन्सर यंत्र किती कललं ते पाहतो, त्यावरून घनता काढून मोबाईलवर पाठवतो. आयस्पिंडल नावाचं एक तर घरी जुळवता येतं, त्याची रचना सगळ्यांसाठी खुली आहे. माझ्याकडे आहे. आलेख छान निघतो, पण फेसाचा गोळा चिकटला की तेही थापा मारतं. शेवटी बाटल्या भरायच्या आधी मी काचेचा हायड्रोमीटरच टाकतो.

घनता मोजायची ही रीत जुनी आहे. प्रागच्या कार्ल बालिंगनं १८४३ साली बीअरवाल्यांसाठी साखरेची पट्टी बसवली. पुढे अडॉल्फ ब्रिक्सनं ती आणखी नेमकी केली, त्याचंच नाव तुमच्या रिफ्रॅक्टोमीटरवर आहे.

कपाशी_ते_कपाशी
माझी शंका खरंच. आकडा शेवटचा कोणता, हे आधीच कसं ठरवायचं? १.००२ वर थांबलं म्हणजे संपलं, की दमून थांबलं?

आर्वीकर
धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न.

बीअरवाले आगाऊ चाचणी करतात. मोठ्या भांड्यातून ग्लासभर काढायचा, त्यात भरपूर यीस्ट टाकायचं, उबदार जागी ठेवून मधूनमधून हलवायचं. मोठं भांडं सावकाश चालतं, ग्लास एक-दोन दिवसांत शेवट गाठतो. ग्लासचा जो शेवटचा आकडा, तोच मोठ्या भांड्याचा गंतव्य. मोठं भांडं त्याच्या वर कुठं अडकलं तर दमलंय, तिथंच पोचलं तर संपलंय. संत्राबाग, तुम्ही आता कॅनमधूनच ग्लासभर काढून हे करा. ग्लास झाकून ठेवा, पण घट्ट बूच लावू नका.

आणि घाई नको. लागोपाठ दोन-तीन दिवस, एकाच वेळी, एकाच तापमानाला मोजलेला आकडा सारखा आला पाहिजे. सकाळी सहाला मोजा, तेव्हा खोली त्यातल्या त्यात थंड असते. बीअरमध्ये हे न पाळता बाटल्या भरल्या तर उरलेली साखर बाटलीत आंबते आणि काच फुटते. तुकडे भिंतीत रुतलेले पाहिलेत मी. तुम्ही बाटलीबंद करणार नाही म्हणून तो धोका नाही, पण नळी चोथ्यानं तुंबली तर कॅनही फुगतो. रोज एक नजर टाका.

पेंचकाठी
म्हंजे बुढे कान लावते ते चुकीचं का?

आर्वीकर
काका, चुकीचं कसं म्हणू? ते तीन खुणा एकत्र पाहतात, आवाज, फुलं आणि जीभ. एकट्या आवाजावर गेले असते तर फसले असते. यंत्रवाले उलट एकाच आकड्यावर विसंबून फसतात.

कलम_पासष्ट
आनंदात विरजण घालतो, माफ करा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे, घरी केलं तरी. जर्मनीतली सवलत इथं नाही. घरगुती बीअर-वाईन करायला हा धागा वाचून कुणी बसू नये. व्हिनेगरचाही मधला टप्पा अल्कोहोलचा असतो, तेव्हा विक्रीचा विचार असेल तर आधी राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा, आणि अन्नपदार्थ म्हणून एफएसएसएआयची नोंदणी वेगळी लागेल.

संत्राबाग
दादा, बरोबर बोललात. विक्री अजून लांब आहे, विचारून घेतो.

आता हालहवाल. डेअरीतून शून्यवाला लॅक्टोमीटर आणला. सकाळी मोजलं, शेजारी पाण्याचं भांडं ठेवून. पाणी आणि रस यात जेमतेम एका रेघेचा फरक, रस एक रेघ वर. ग्लासात जास्तीचं यीस्ट टाकून ठेवलेलाही तिथंच थांबलाय. रिफ्रॅक्टोमीटर अजून ३.२ च म्हणतोय, म्हणू दे. काटापट्टीभाऊंची युक्ती यावेळी उशिरा कळली, सुरुवातीचं वजनच नाही माझ्याकडे.

तो कडूपणा कशाचा? आणि पुढं काय?

परीक्षानळी
कडूपणा बहुतेक बियांचा आणि सालीच्या आतल्या पांढऱ्या भागाचा. संत्र्यात लिमोनिन नावाचं द्रव्य असतं, रस काढल्यावर थोड्या वेळानं त्याची कडू चव उमटते. पुढच्या वेळी बिया चिरडू देऊ नका. साल तर मुळीच नको, सालीतलं तेल यीस्टलाही जड जातं.

पुढं: खालचा गाळ न हलवता वरचं नितळ दुसऱ्या रुंद भांड्यात काढा. भांडं काचेचं किंवा फूडग्रेड प्लास्टिकचं. तांब्या-पितळेचं नको, कळकेल. अॅल्युमिनियमही नको. आता झाकण नाही, धुतलेलं सुती फडकं, दोरीनं आवळून. यीस्टला हवा नको होती, अल्कोहोलचं आम्ल करणाऱ्या व्हिनेगरच्या जिवाणूंना हवा लागतेच. चिलटं जमतील, फडकं दाट विणीचं घ्या. न उकळलेलं, न गाळलेलं व्हिनेगर किंवा त्यावरची साय विरजण म्हणून घाला.

इथं लॅक्टोमीटरचा उपयोग संपला. आता आम्ल मोजायचं. पाच मिलि नमुना, भरपूर डिस्टिल्ड पाणी, रंग बदलून दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब, आणि ०.१ नॉर्मल (हे तीव्रतेचं माप) सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबानं. गुलाबी रंग टिकला की थांबा. दर मिलि मागे ०.००६ ग्रॅम अॅसेटिक आम्ल, म्हणजे ३३ मिलि लागले तर चार टक्के. पण संत्र्यात आधीच सायट्रिक आम्ल आहे, तेही यात मोजलं जातं. म्हणून विरजण घालायच्या आधी आजच एकदा हे करा आणि आजचा आकडा नंतरच्यातून वजा करा. तुमच्या रसात सव्वापाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालेलं असावं, त्यातून चार टक्क्यांचं व्हिनेगर निघायला हरकत नाही.

आकडा वाढायचा थांबला की बाटल्यांत काठोकाठ भरून बूच लावा. उघडं ठेवलं तर अल्कोहोल संपल्यावर तेच जिवाणू आम्लही खायला लागतात, आणि व्हिनेगर पुन्हा पाणचट होत जातं.

काटापट्टी
म्हणजे इथं उशीर केला तर नुकसान. आधी घाईनं नुकसान, नंतर उशिरानं. शेतकऱ्याच्या मालासारखंच.

संत्राबाग
आंबिया बहाराची चुरी नोव्हेंबर-डिसेंबरात निघेल. तेव्हा रात्री इकडं चांगली थंडी असते. तेव्हा काय वेगळं?

आर्वीकर
तेव्हा सावकाश चालेल, आणि ते चांगलंच. आम्ही बीअरचं साधं यीस्ट १८ ते २२ अंशांत ठेवायला धडपडतो. फार उष्णतेत यीस्ट घाई करतं आणि जड, झणझणीत अल्कोहोलं तयार करतं. तुम्हाला घशाला जे चरचरलं त्यात त्याचाही हात असेल. चाळिशीच्या पुढं तर यीस्ट मरायलाच लागतं. शिवाय आंबताना द्रव स्वतः तापतो, म्हणून खोलीचं नाही, कॅनचं तापमान पाहा. आता उन्हाळ्यात करायचंच असेल तर कॅनभोवती ओलं पोतं गुंडाळून कूलरसमोर ठेवा.

थंडीत उलटी फसगत होते. रात्री गारठ्यानं यीस्ट सुस्तावतं, दोन दिवस आकडा हलत नाही आणि माणूस संपलं समजतो. तेव्हा कॅन घरात आणा, हलकेच हलवा, एक दिवस उबेत ठेवा, मग मोजा.

संत्राबाग
डिसेंबरात पहिल्या दिवसापासून काट्यावर ठेवतो. ताई, शेवटचं एक. सोडियम हायड्रॉक्साइड म्हणजे कॉस्टिक सोडाच ना? मोरी साफ करायचा घरात आहे, तो चालेल?

परीक्षानळी
तोच, पण मोरीचा चालणार नाही. तो हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड शोषत राहतो, त्यामुळे वजन करून घेतला तरी द्रावण नेमकं किती तीव्र झालं ते कळणार नाही, आणि तुमचा सगळा हिशेब त्याच आकड्यावर उभा आहे. अमरावतीला प्रयोगशाळेचं साहित्य विकणाऱ्या दुकानातून ०.१ नॉर्मलचं तयार द्रावण आणा, बाटली उघडल्यावर बूच घट्ट लावून ठेवा. चष्मा घाला. ब्युरेट (खुणा आणि तोटी असलेली काचेची नळी) नसेल तर दहा मिलिची सुईविना सिरिंज चालते, फक्त तीन-चारदा भरावी लागेल, प्रत्येक वेळचा आकडा लिहून ठेवा.